टेलर पास्कू नेमका कुठे?

प्रिय फिलू,

वालीवच्या कारखान्यातून लिहितोय. लाइट गेलीये, सकाळपासून तिसऱ्यांदा! दोघा कामगारांना चहाला पिटाळलं आणि जॉबकार्डाच्या कोऱ्या बाजूवर लिहायला बसलो. हसू नकोस. लग्नाआधीसुद्धा मी तुला कधी चिठ्ठी लिहिली नाही, हे मला माहीत आहे. पण गुरुवारी आपला रोहन, सून आणि रिया न्यूझीलंडला चाललेत, कायमचे. त्याआधी मला तुला दोन गोष्टी सांगायच्यात. एक म्हणजे, तुझं काम मी बिघडवून ठेवलंय. दुसरी सांगायला जीभ रेटत नाही, ती ओघात येईल.

पण आधी भांडतो. ती कबरींची वही तू माझ्या गळ्यात का मारलीस?

आपल्या उमेळ्यातून जो उठला तो परदेशी निघाला, आणि जाताना प्रत्येकजण आपली मेलेली माणसं तुझ्या हवाली करून गेला. ‘फिलू, मृतांच्या दिवशी आमच्या कबरीवर एक मेणबत्ती लावशील का गं?’ तू कुणाला नाही म्हणालीस? आधी एक कबर होती, मग चार झाल्या, शेवटी एकोणीस! गावातली पोरं तुला ‘मेणबत्तीवाली फिलू’ म्हणायला लागली, तेव्हा काय चिडली होतीस! ‘मी काय देवळाबाहेर बसून विकते का मेणबत्त्या?’ आणि मग हॉस्पिटलच्या खाटेवरून ती वही माझ्या हातात दिलीस आणि म्हणालीस, ‘कुणाला अंधारात ठेवू नकोस.’ मी मान डोलावली. त्या वेळी तू काहीही सांगितलं असतंस तरी डोलावली असती.

वही उघडली तर आत काय? ‘टेलर पास्कू, भिंतीकडे.’ कुठल्या भिंतीकडे, फिलू? दफनभूमीला चार भिंती आहेत! आपल्या गावात नावं दहा आणि माणसं हजार, म्हणून तर आपण एकमेकांना टोपणनावाने ओळखतो. गवंडी पास्कू, टेलर पास्कू, बैलवाला पास्कू. मी किरकिऱ्या नातोल, कारण दुसरा एक गरीब स्वभावाचा नातोल होता. पण दगडावर टोपणनाव कोण कोरतं? दगडावर सगळे पास्कलच, वर आडनावही एकच. तुला कोण कुठे निजलाय ते तोंडपाठ होतं. माझं काय? मी आयुष्यभर लेथ चालवला.

तरी केलं मी ते काम. एका हातात मेणबत्त्या, दुसऱ्या हातात फोन. पलीकडून फर्मानं. ‘काका, फोन आडवा धरा.’ ‘काका, फुलं जरा डावीकडे.’ ‘काका, मागे ती बिल्डिंग कसली दिसतेय?’ ‘अगं बाई, ती तुझ्या बापाची वाडी! तुम्हीच विकून गेलात ना?’ असं तोंडाशी आलेलं गिळलं मी. सगळ्यांना गावातली हिरवळ बघायची असते आणि मी फोन फिरवला की टॉवर दिसतात, त्याला मी काय करू?

मग श्रावणात एका रविवारी रोहन चंदनसारच्या त्याच्या फ्लॅटवरून आला. रिया झोपाळ्यावर होती. त्याने सांगितलं, व्हिसा झाला.

मी पेटलोच. तो शांत. त्याचं शांत बोलणं मला आणखी पेटवतं, तुला ठाऊक आहे. म्हणाला, ‘पप्पा, आम्ही दोघं कमावतो आणि तरी महिन्याच्या शेवटी रियाच्या क्लासची फी की सोसायटीचा टँकर, असा विचार करायला लागतो. फ्लॅटचा हप्ता संपेल तेव्हा मी म्हातारा असेन.’ मी म्हटलं, हे सगळ्यांनाच आहे. महागाई काय तुझ्या एकट्याच्या दाराशी आलीये? तेव्हा त्याने महिनोन्‌महिने लपवलेली गोष्ट सांगितली.

आपल्या वाडीशेजारचं बावखल आठवतं ना? गोड्या पाण्याचं, तू कपडे धुवायला जायचीस ते तळं? ते बुजवायचं ठरलं तेव्हा रोहनने जाहीर सुनावणीत उभं राहून हरकत घेतली होती. मला केवढा अभिमान वाटला होता! त्यानंतर आठवड्याभराने दोघेजण त्याच्या बिल्डिंगच्या गेटशी आले. दमदाटी केली नाही, हात उचलला नाही. हसून विचारलं, ‘तुमची मुलगी शाळेतून कितीला सुटते?’ एवढंच. त्यानंतर सून रोज ऑफिस अर्ध्यावर टाकून पळत शाळेच्या फाटकाशी जायची. बावखल तर बुजलंच. ज्यांनी बुजवलं तेच निवडणुकीला हात जोडून दारात आले, म्हणे घराघरात पाणी आणू!

हे ऐकून मी गप्प बसायला हवं होतं. बसलो का? मी म्हटलं, ‘मग मी नाही पळालो कुठे! मी राहिलोच ना?’

तो म्हणाला, ‘राहिलात, पप्पा. पण तुम्ही राहून काय बदललं?’

फिलू, कोंडीत सापडलो की मी काय करतो तुला माहीत आहे. मी ओरडलो, ‘तुझ्या आईची मेणबत्ती कोण लावणार?’ तो म्हणाला, ‘व्हिडिओ कॉल करू ना, सगळे करतात तसा.’

सगळे करतात तसा! म्हणजे तूसुद्धा आता वहीतली एक कबर? एकोणीस होत्या, तू विसावी? त्या दिवसापासून मी त्याच्याशी बोलणं टाकलं. तो फोन करायचा, मी ‘जेवतोय’ म्हणून ठेवून द्यायचो. दुपारी चारलासुद्धा जेवतोय.

त्या रागात आणखी एक भर. तुझ्या कबरीवर मला भलत्याच कुणाच्या मेणबत्त्या सापडायला लागल्या. आणि कसल्या? वाढदिवसाच्या केकवर लावतात त्या! बारीक, गुलाबी-पांढऱ्या पट्ट्यांच्या, जळून नखाएवढ्या उरलेल्या. मला वाटलं, दफनभूमीत चार फिलोमिना आहेत, कुणीतरी येडा दुसऱ्या फिलोमिनाच्या नावाने इथे लावून जातोय. आणि लावायच्या तर केकच्या? लाज नाही? दर रविवारी मी पत्र्याच्या तुकड्याने ते मेण खरवडून काढायचो आणि त्या माणसाला शिव्या घालायचो. तुझ्या उशाशी उभं राहून शिव्या दिल्या, माफ कर.

आता कबुली. परवा मृतांचा दिवस झाला. संध्याकाळी वही घेऊन निघालो. टेलर पास्कूच्या कबरीशी ऑस्ट्रेलियातल्या शीलाला फोन लावला. टेलरची मुलगी ती, तुला ‘फिलूमावशी’ म्हणायची. तिने नवऱ्यामुलांना समोर बसवलेलं, सगळ्यांनी प्रार्थना म्हटली, ती रडली. फोन ठेवला तर मागे इनासबाबा, तेच गवत काढणारे, नव्वदीला टेकलेत. म्हणाले, ‘नातोल, यो त गवंडी पास्कू! टेलर तटे हाय, त्या कोपऱ्यात. त्याच्यावर तीन वर्सं कोनी पानी पन नाय शिंपलं.’

तीन वर्षं, फिलू! तू गेल्यापासून शीला दुसऱ्याच माणसासाठी रडत होती. आणि टेलर, ज्याने आपल्या लग्नाचा माझा कोट शिवला, तो कोपऱ्यात अंधारात. तू एकच गोष्ट सांगितली होतीस.

मी दगडावर बसूनच तिला परत फोन लावला आणि सगळं सांगितलं. वाटलं, ती चिडेल. चिडायला हवं होतं. पण ती म्हणाली, ‘काका, तुम्ही चुकलात, पण मला तरी कुठे कळलं? माझ्या बापाची कबर मला ओळखता आली नाही.’

मी कोपऱ्यात जाऊन टेलरपाशी मेणबत्ती लावली आणि तिला दाखवली. या वेळी ‘फोन आडवा धरा’ असं ती म्हणाली नाही.

घरी येऊन मी रोहनला फोन केला. पहिल्यांदा मीच. म्हटलं, ‘उद्या दफनभूमीत ये. आईची कबर मला न विचारता शोधून दाखव. पाठ कर, मगच जा.’ खरं सांगू? तो चुकावा असं मला वाटत होतं. चुकला असता तर म्हणता आलं असतं, बघ, इथेच विसरलास, तिकडे काय आठवणार?

काल संध्याकाळी आला, रियाला घेऊन. मी फाटकाशीच थांबलो. तो एकाही दगडावरचं नाव न वाचता सरळ गेला. रिया तर त्याच्याही पुढे. तुझ्यापाशी गेल्यावर त्याने क्रुसाच्या मागे हात घातला आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली काडेपेटी बाहेर काढली. रियाने फ्रॉकच्या खिशातून मेणबत्ती काढली. बारीक. गुलाबी-पांढऱ्या पट्ट्यांची.

मी जवळ गेलो. विचारलं, ‘कधीपासून?’ म्हणाला, ‘व्हिसा झाल्यापासून, दर शुक्रवारी, पप्पा. ऑफिसातून आलो की हिला घेऊन येतो. मेणबत्ती ही निवडते, म्हणते आजीला केक आवडायचा.’ मी विचारलं, ‘मग मला का नाही सांगितलंस?’ तर म्हणाला, ‘तुम्ही फोनवर जेवत असायचात ना!’

ही ती दुसरी गोष्ट. तुझ्या नातीने लावलेलं मेण मी इतके महिने पत्र्याने खरवडत होतो.

माझा राग गेलाय असं समजू नकोस. कुणावर काढू तेवढं सांग! पोरावर काढायचा होता, तो तर शुक्रवार चुकवत नव्हता. असं पोर ज्यांना इथे ठेवता आलं नाही, त्यांच्या नावाने मी मरेपर्यंत किरकिर करणार. एक पाण्याचं तळं वाचवायला उभा राहिला, तर त्याच्या लेकीची शाळा विचारतात? आणि तो गेल्याने त्यांना फरक काय पडणार? काही नाही. गेटशी उभी राहिलेली ती माणसं इथेच राहतील आणि माझा रोहन जाईल. हे मला पटत नाही, फिलू. कधीच पटणार नाही.

निघताना रियाने तिच्या मेणबत्त्यांचं अख्खं पाकीट माझ्या हातात दिलं. ‘आजोबा, आता तुम्ही लावा. पण खरवडू नका हं.’ म्हणजे पोरीला माहीत होतं!

तर आता शब्द देतो. गुरुवारी मी विमानतळावर जाईन. व्हिडिओ कॉलवरून टोमणा मारणार नाही, रोहनच्या डोक्यावर हात ठेवीन आणि तोंड बंद ठेवीन, जमेल तेवढा वेळ. दर शुक्रवारी तुझ्यापाशी केकची मेणबत्ती लावीन, लोक हसले तरी. आणि वहीतल्या एकोणीसही जणांच्या टोपणनावाच्या पितळी पट्ट्या करून त्यांच्या दगडांवर बसवीन, इनासबाबा आहेत तोवर त्यांना विचारून. मी गेल्यावर वही कोण वाचणार? पट्टी असली तर कुणी परका, टॉवरमधला भाडेकरूसुद्धा, योग्य माणसापाशी मेणबत्ती लावू शकेल.

पहिली पट्टी आज सकाळीच मशीनवर चढवली. तुझी. ‘मेणबत्तीवाली फि’ एवढं कोरून झालं आणि लाइट गेली. चिडू नकोस, हेच नाव घालणार. तुझ्या जागी दुसऱ्या फिलोमिनापाशी कुणी रडलेलं मला चालणार नाही.

पंखा फिरायला लागला. उठतो, ‘लू’ राहिलाय.

तुझाच,
किरकिऱ्या नातोल