मशीनला दही चालत नाही

कॅरी, शनिवार, १३ मे १९८९

आज मितालीची परीक्षा झाली. झाली म्हणायची की नाही, देव जाणे. मूल घरी शिकवायचं तर वर्षातून एकदा ही टेस्ट इथल्या सरकारला हवीच. वर्षभर ओट्याशी बसून पोर काय शिकली, ते पेन्सिलीने गोल काळे करून ठरणार, आणि ते गोल मशीन तपासणार.

टेस्ट घ्यायला शेजारची लिंडा आली. निघताना द्यावी तशी मी मितालीच्या तळहातावर दही-साखर ठेवली. तिने हात चाटला आणि त्याच हाताने पेन्सिल धरली. उत्तरपत्रिकाभर दही.

"मशीन हे रिजेक्ट करणार," लिंडा म्हणाली.

"उत्तरं बरोबर असली तरी?"

"मशीन फक्त गोल बघतं."

कसली ही अक्कल मोजायची रीत? वर श्रीकांत विचारतो, "परीक्षा पोरीची होती की दह्याची?" नवऱ्याला हसायला काय जातं? निकाल लागला नाही तर मिताली परत त्याच शाळेत, जिथे तिला मुकी समजून मागे बसवत होते.

"आई, डिड आय फेल?"

"तू नाही गं. मशीन."

पुढच्या शनिवारी पुन्हा टेस्ट. दही-साखर देणारच आहे. फक्त या वेळी चमच्याने भरवीन.