पेल्यातली पत्ती

दि. ९ मार्च, सोमवार

चि. मुंगीस,
अनेक आशीर्वाद. मी बरी आहे, गुडघे सोडून.

बारा वर्षांपूर्वी त्या सकाळी दूध उतू गेलं होतं. ओटा पुसला, भांडी घासली आणि ओलं फडकं हातात घेऊनच मी सरांच्या कामाच्या टेबलाकडे वळले. चाकू, दोऱ्याची रिळं, आणि पाण्याच्या पेल्यात तुझ्या ओबोच्या तोंडाशी बसवायची, सनईला असते तशी फुंकायची पत्ती. तीन आठवडे तासून, वाजवून पाहून झालेली. अकराला तुझी परीक्षा होती, वाद्यवृंदातल्या सरांच्याच खुर्चीसाठी.

पण ते नंतर. आधी बातमी.

सरांना जाऊन वर्ष होत आलं. परवा तुमच्या वाद्यवृंदातला तो बासूनवाला त्यांच्यावरच्या पुस्तकाचे कागद घेऊन आला. म्हणाला, "काकू, मुंगीचा लेख तेवढा वाचा. शुक्रवारी छापायला जातंय. ठेवू की काढू, तुम्ही म्हणाल तसं."

"काढायचाच होता तर मागवलास कशाला?"

"ती लिहील असं वाटलंच नव्हतं हो!"

सगळं खरं लिहिलंयस. सहा महिने एकच सूर धरायला लावला ते. "बोटं मागाहून नाचव, आधी श्वास सोडायला शीक," ते. कार्यक्रमाआधी अख्खा वाद्यवृंद त्यांच्या एका सुराला आपली वाद्यं लावायचा आणि तीस वर्षांत तो सूर हलला नाही, तेही. वाचताना हसू आलं. मग शेवटचं पान. "सरांनी स्वतःच्या हाताने मला बाद पत्ती दिली. त्यांना खुर्ची सोडायची नव्हती."

ते मी चारदा वाचलं. मी चौथी शिकलेली, नीट वाचायला लागले ती यांच्या कार्यक्रमपत्रिकांवर. पण हे वाक्य कळायला शाळा लागत नाही.

तर ती सकाळ. सर अंघोळीला गेले होते. पेला उचलून टेबल पुसताना फडकं पत्तीच्या टोकाला अडकलं आणि टवका उडाला. नखाएवढासुद्धा नाही. मी घाबरले. बाद पत्त्यांच्या डबीतली एक उचलली आणि पेल्यात टाकली.

हे अर्धं झालं. उरलेलं लिहिण्याआधी दोनदा उठून पाणी पिऊन आले.

चांगल्या पत्त्यांची डबी शेजारीच होती, मुंगे. उघडी. माझा हात तिकडे गेलाही होता. पण तू पास झालीस की हे घरी बसणार, आणि तो सूर सुटला की हा माणूस जगायचा नाही, असं माझ्या मनाने घेतलं होतं. हात मागे आला. तेवढ्यात तू दारात. "काकू, आशीर्वाद द्या." दिला. सर घाईत बाहेर आले आणि पेल्यातली पत्ती न पाहताच तुझ्या हातात ठेवली.

दुपारी तू नापास होऊन आलीस आणि ती पत्ती टेबलावर आपटलीस. "घ्या तुमची!" सरांनी उचलली, बुडाच्या बुचावर पेन्सिलीने लिहिलेला बाद डबीतला आकडा पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं. मी भांडी पुसत होते, ती पुसतच राहिले. तुला म्हणाले, "पत्ती मी दिली. चूक माझी." तू जिना उतरलीस ती बारा वर्षं फिरकली नाहीस.

 त्या दिवसापासून सर पेला स्वतः धुवायला लागले. मी हात पुढे केला तर म्हणायचे, "राहू दे." खुर्चीवर आणखी दोन वर्षं बसले, मग बोटं थरथरायला लागली. मी राखलं ते एवढंच.

क्षमा मागत नाही, तेवढा हक्क उरलेला नाही. शेवटच्या पानावरचं "सरांनी" खोड आणि तिथे "काकूंनी" लिही. बाकी एक अक्षर हलवू नकोस.

तुला खोटा आशीर्वाद दिलेली,
काकू

ता. क. मंगळवार. तुझ्या उत्तराची वाट पाहिली तर शुक्रवार उलटेल. म्हणून आज सकाळी या पत्राची नक्कल करून बासूनवाल्याच्या हातात दिली. म्हटलं, मुंगीच्या लेखाला लागून छाप. आता हे पत्र पेटीत टाकायला निघतेय. निघण्याआधी सरांचा पेला धुतला.