लढाईची साखर, बाळंतिणींचं दूध

आखाडा बाळापूर,
ता. ३ फेब्रुवारी १९४५

तीर्थरूप अक्कास,

धाकट्या रुक्मीचा नमस्कार. इकडे थंडी ओसरली. माझा गुडघा तेवढा ऐकत नाही, बाकी बरं आहे.

तुझा अमर लढाईवरून परत आल्याचं कळलं. हे पत्रही तोच तुला वाचून दाखवत असेल. फौजेनं त्याला अक्षर तरी शिकवलं म्हणायचं. अमर, मावशीचं अक्षर गिचमिड आहे, सांभाळून घे बाबा.

अक्का, तू दवाखान्याचं विचारलंस. बाळंतिणींना सरकारी दूध मिळायचं, ते बंद होऊन दोन वर्षं होतील. माझा दाईचा पगारही तेव्हाच निम्मा झाला. कंपाउंडर इनायतभाईंना मी विचारलं, "काहून हो असं?" ते म्हणाले, "बाई, लढाई चालू हाय. समदा पैसा तिकडं जाऊन राहिला." बाळंतिणी आता कोऱ्या चहावर दिवस काढतात.

आणि तेव्हाच तुझ्या दारात दर महिन्याला मनिऑर्डर. फौजवाल्याचं घर म्हणून साखर तुला आधी, रॉकेल तुला आधी. गेल्याच्या गेल्या दिवाळीला तुझ्याकडे हट्ट्याला आले होते, तेव्हा तुझ्या ओसरीवर दोन-दोन कंदील जळत होते. तुझा फराळ मला गोड लागला नाही. खरं सांगते, पोटात दुखत होतं. माझ्या हातांनी अर्धं बाळापूर जन्माला आलं, त्याची सरकारला किंमत नाही. तू एक पोरगा दिलास, तर तुझा केवढा मान.

घरी आले ती माझ्या सेवाच्या मागेच लागले. "मावशीचा अमर बघ, आन् तू बघ." रोज तेच. एक दिवस पोरगं म्हणालं, "आई, तुझ्या दारातबी टपालवाला आणून दाखवतो."

सेवा नांदेडला गिरणीत लागला, असं मी तुला कळवलं होतं. ते खोटं होतं. तो फौजेत भरती झाला. आता टपालवाला मनिऑर्डर घेऊन माझ्याकडेही येतो, साखरही येते. सेवाचं मात्र पावसाळ्यात ब्रह्मदेशातून एक पत्र आलं, त्यानंतर काही नाही.

अमर, इथून पुढचं मनातल्या मनात वाच. आईला सांग, खाली नुसता नमस्कार लिहिलाय.

तुझा पाय गेला म्हणून गाव हळहळतं, आई रडते. मला मात्र तिचा आजही हेवाच वाटतो. तिचं लेकरू ओसरीवर बसलंय, हाक मारली की ओ देतंय. मी देवापुढे हात जोडते तेव्हा सेवासाठी काय मागते, ते कळलं तर तू मला मावशी म्हणणार नाहीस.

एवढं एकच लिहून कळव. पाय गेला की सरकार नक्की घरी सोडतं ना?

तुझी मावशी,
रुक्माबाई