दातांनी वाजवलेली बारी

लालबाग, गुरुवार

ती. चिंतामणीमामा,

साष्टांग नमस्कार (कंबरेमुळे पाचच अंगं टेकतात, उरलेली तीन मनोमन). तुमचा खांदा कसा आहे? गेली पंचवीस वर्षं तो ज्या निष्ठेने दुखतो आहे, तेवढी निष्ठा हल्ली माणसांत उरली नाही. आनंदीमामींना नमस्कार. तुम्ही दिलेल्या खोलीत आम्ही सुखरूप आहोत. ‘माळ्यावर चढू नकोस’ ही तुमची अट मी परवापर्यंत पाळली.

पन्नाशीत लोक गुडघ्याचा पट्टा घेतात, मी इलेक्ट्रिक गिटार घेतली. मोबाइलवरचा एक शिक्षक जुन्या रॉक गिटारवाल्यांच्या तऱ्हा शिकवतो. पहिली तऱ्हा रडवी: तार बोटाने वर ढकलायची, स्वर ताणायचा, डोळे मिटायचे आणि बायको सोडून गेल्याचा चेहरा करायचा. (सुरुची समोरच मटार सोलत बसते, त्यामुळे चेहरा जमायला तीन आठवडे लागले.) दुसरी घाईची: इतके स्वर इतक्या वेगात, की चुकलेला कोणता ते वाजवणाऱ्यालाही कळू नये. ही मला चटकन आली. तिसरीत गिटार तोंडाशी धरून दातांनी वाजवतात. त्या गोऱ्यांना दात होते. मला कॅप आहे.

शनिवारी संध्याकाळी मी रडत असताना समोरच्या गॅलरीतून भजनी कोंडीरामबुवांच्या पेटीने माझाच स्वर उचलून परत पाठवला. आलेल्या पत्राला पोच द्यावी ही ऑफिसातली सवय, म्हणून मी उलट वाजवलं, आणि घात झाला. तुम्हाला भजनातलं काय ठाऊक म्हणा, म्हणून समजावतो: डबलबारीत दोन बुवा आळीपाळीने एकमेकांना डिवचतात, आणि जो आधी गप्प होतो तो हरतो. उत्तर देणं म्हणजे आव्हान घेणं. (दर गणपतीत डबलबारी ऐकतो मी; पण डुलक्या काढत.)

दहा मिनिटांत गॅलऱ्या भरल्या. बुवांनी अट घातली, “अवधूत, जो आधी थांबेल त्याचं वाद्य कायमचं माळ्यावर.” सुरुचीने आतूनच कळवलं, “बुवा, पेटीला आमच्याकडे जागा नाही. गिटारीला आहे.” (एवढ्या वर्षांच्या संसाराचा हा पाठिंबा.) मी घाई केली, तर बुवांच्या साथीला बसलेल्या मयूरने पखवाजावर दुप्पट घाई केली. मी रडवी काढली, तर बुवांनी असा आलाप घेतला की तळमजल्यावरच्या शांतावहिनी खऱ्याच रडल्या. शेवटी दातांनी वाजवलं. चाळ अवाक झाली, आणि त्या शांततेत माझी कॅप उडाल्याचा आवाज स्वच्छ ऐकू आला. ती खाली वाळत घातलेल्या बोंबलांत सापडली. शोधायला थांबलो, म्हणून हरलो.

गिटार माळ्यावर गेली. खरं सांगतो मामा, सुटलो. ह्या वयात असले नाद शोभत नाहीत. हरल्यावर एखाद्या अवयवाचं कारण सांगून शांत बसावं, हे थोरांकडून शिकण्यासारखं आहे.

तुमचा आज्ञेत राहणारा भाचा,
अवधूत

ता. क. कॅप बसली. गरम पाण्यात तीनदा धुतली, तरी चहाला बोंबलाचा वास येतो.

ता. क. दुसरा: माझ्या बाजूला पखवाज नव्हता, आणि दोन्हीकडे पखवाजाची साथ नसेल तर बारी धरत नाहीत, असं मंडळातल्या जाणत्यांचं मत पडलं. त्यामुळे येत्या शनिवारी पुन्हा आहे. ह्या वेळी हरलो तर गिटार थेट भंगारवाल्याकडे. (सुटलो वगैरे वर लिहिलं आहे ते सुरुची वाचेल म्हणून.)

ता. क. तिसरा: माळ्यावर गिटार सरकवताना धोतरात गुंडाळलेला एक पखवाज हाताला लागला. बुवांना विचारलं, तर म्हणाले, “तुझ्या मामाचो. पंचवीस वर्सांमागे तो माझ्याशी हरलो नि वर टाकल्यान. हिंमत असात तर येऊन उतरव म्हणान सांग.” आनंदीमामींना मी खांद्याबद्दल अजून काही बोललेलो नाही. अजून. शनिवारी पाचला या. शिडी लावून ठेवतो. सुरुचीने पत्र वाचलंच, आणि त्या दिवशी कणीक जास्त मळते म्हणाली. पोळ्यांसाठी नव्हे, पखवाज घुमावा म्हणून त्याच्या डाव्या पुडीला लावायला.