वाचलेला हात परत मिळणेबाबत

प्रति,
मा. उपसंचालक (वृक्ष व उद्याने),
गोदातीर वसाहत प्राधिकरण,
गंगापूर रोड, नाशिक.

अर्जदार : वाल्मीक दगू गांगुर्डे, उद्यान निरीक्षक.

विषय : झाडावर चढून वापरावयाच्या चेनसॉच्या निवड अहवालात 'बचत' म्हणून दाखविलेला हात संबंधित कर्मचाऱ्यास सोमवारपूर्वी परत मिळणेबाबत.

संदर्भ : १) माझा निवड अहवाल, दि. ९ मार्च.
२) आस्थापना शाखेचा आदेश, दि. ४ मे.
३) माझे विनंती अर्ज, दि. ६ मे, १९ मे व २६ मे.
४) तिन्ही अर्जांना मिळून आलेले एक उत्तर, दि. ८ जून.

महोदय,

उपरोक्त विषयान्वये सविनय सादर करतो की,

१. मी या कार्यालयात सव्वीस वर्षे झाडे सांभाळतो. माझ्याविरुद्ध आजवर एकही तक्रार नाही. ही पहिली, आणि ती मीच करीत आहे.

२. आपल्याकडील जुनी चेनसॉ ही मागे मूठ असलेली, म्हणजे जमिनीवर उभे राहून ओंडके कापण्याची आहे. श्री. गोरक्ष बहिरम (कंत्राटी, मूळ गाव कळवणजवळ) व श्री. रवी हे आपले दोन चढणारे कर्मचारी तीच घेऊन पस्तीस फुटांवर दोराला लटकून काम करीत आले. झाडावरच्या कामासाठी लहान, हलकी, वरच्या बाजूला मूठ असलेली चेनसॉ मिळते. ती अंगाजवळ धरता येते आणि फांद्यांच्या अडचणीत फिरते. तशी चेनसॉ निवडण्यासाठी त्रिसदस्यीय समिती नेमण्यात आली. दोन सदस्य प्रशिक्षणाला गेल्याने समिती म्हणजे मी होतो.

३. मी झाडावर चढत नाही. म्हणून विक्रेत्यांनी आणलेल्या तिन्ही चेनसॉ गोरक्ष यांच्या हाती दिल्या व त्यांना कार्यालयामागील चिंचेवर चढविले. पहिली पेट्रोलची, वर गेल्यावर दोरी ओढून चालू करताना ते स्वतःच झोक्यासारखे हलले. दुसरीला कमरपट्ट्यात अडकविण्याची कडी नव्हती. तिसरी बॅटरीची. ती घेऊन ते पाऊण तास वर होते आणि खाली येऊन म्हणाले, "हीच घ्या साहेब. आवाज लय कमी हाय, खालून सहादूभाऊ काय वरडतोय ते ऐकू येतं." श्री. सहादू हे खाली उभे राहून फांदीचा दोर धरणारे, वाटसरूंना थांबविणारे आणि वरच्या माणसावर नजर ठेवणारे कर्मचारी होत. यापेक्षा चांगला निवड अहवाल मी वाचलेला नाही. दुर्दैवाने तो लेखी नव्हता.

४. लेखी अहवाल मी केला. भांडार लिपिक श्रीमती चैताली निकुंभ यांनी तो वाचून विचारले, "गांगुर्डे साहेब, मशीन लहान आणि किंमत मोठी? वर कोणी पास करणार नाही. बचतीचा रकाना रिकामा ठेवलाय तुम्ही. काहीतरी दाखवा." मी सुरक्षितता असे लिहिले. त्या म्हणाल्या, "ही बचत नाही, हा खर्च आहे." विक्रेत्याच्या माणसाने आदल्या दिवशी तीच चेनसॉ एका हाताने उंचावून केळीचा बुंधा कापून दाखविला होता, ते मला आठवले. मी रकान्यात लिहिले : 'प्रति कर्मचारी एक हात.' हे खोटे होते. ही चेनसॉदेखील दोन्ही हातांनीच चालवायची असते. पात्याचे टोक लाकडाला नुसते टेकले तरी ती उलटी तोंडाकडे उसळते आणि तिला आवरण्यासाठीच दुसरा हात असतो. मला हे माहीत होते. चांगले हत्यार पास व्हावे म्हणून मी लिहिले. ते पास झाले. माझ्या सेवेतील हा एकमेव अहवाल आहे, जो अकरा दिवसांत मंजूर झाला.

५. त्यानंतर ही बचत आपल्या कार्यालयात कामाला लागली. प्रथम संगणक कक्षाने कळविले की, कर्मचाऱ्याचा एक हात मोकळा राहत असल्याने त्या हातात मोबाईल धरून छाटणी चालू असतानाचा फोटो कार्यालयाच्या ॲपवर चढवावा. ॲप आधी चेहरा तपासते व त्यासाठी दोन वेळा डोळे मिचकावण्यास सांगते. चेनसॉ चालू असताना डोळे मिटावेत की नाही, याबाबत ॲपमध्ये सूचना नाही.

६. त्यापाठोपाठ आस्थापना शाखेने हिशेब केला की, दोन चढणाऱ्यांचे प्रत्येकी एक याप्रमाणे दोन हात वाचतात, व दोन हात म्हणजे एक इसम. सबब एक इसम अतिरिक्त ठरून श्री. सहादू यांना पाथर्डी फाट्याच्या रोपवाटिकेत पाणी घालण्यास पाठविण्यात आले. एकच हात मोबाईलही धरतो आणि सहादूंच्या जागीही मोजला जातो, हे मी निदर्शनास आणले. तोंडी उत्तर मिळाले की फोटोला तीनच मिनिटे लागतात, उर्वरित वेळ हात मोकळाच असतो. अशा रीतीने ज्या माणसाचा आवाज ऐकू यावा म्हणून ही चेनसॉ निवडली, तो माणूस चेनसॉमुळेच गेला. आता ती अत्यंत शांत चालते व ऐकण्यासारखे खाली काही नाही. सहादू बदलीचा कागद घेताना मला म्हणाले, "साहेब, माझे तर दोन्ही हात जागेवर हायेत. मग वाचले कोणाचे?"

७. दि. २५ मे रोजी आदेशाप्रमाणे रंगीत तालीम झाली. गोरक्ष यांनी उजव्या हातात चेनसॉ व डाव्या हातात मोबाईल धरला. डोळे मिचकावले. पहिल्या वेळी ॲपने चेहरा ओळखला नाही. दुसऱ्या वेळी पात्याचे टोक मागच्या फांदीला लागले, चेनसॉ उसळली व त्यांच्या डाव्या बाहीचा कोपरापर्यंतचा भाग घेऊन गेली. आत हात होता. तो अर्धा इंच आत होता, म्हणून राहिला. फोटो मात्र निघाला असून त्यात आभाळ, हनुवटी व अर्धे पान आहे. ॲपने तो 'समाधानकारक' म्हणून स्वीकारला.

८. दुसऱ्याच दिवशी मी बाही जोडून अहवाल मागे घेण्याची परवानगी मागितली. दि. ८ जूनचे उत्तर असे : 'मंजूर अहवालातील बाब चुकीची असल्याचा पुरावा म्हणून अपघाताची नोंद जोडावी. नोंद नसल्यास बाब बरोबर समजण्यात येईल. कपडे हे कर्मचारी या व्याख्येत येत नाहीत.' हे मी गोरक्ष यांना वाचून दाखविले. ते म्हणाले, "मग पुढच्या टायमाला बाहीच्या आतलं जोडू का?"

९. मी त्यांना सुचविले की सोमवारी तुम्ही चढू नका, आजारी पडा. ते म्हणाले, "मी नाय चढलो तर ठेकेदार दुसरा चढवंल. त्याला दोराची गाठ बी येत नाय. आन् मला परत कोण बोलावतंय?" नंतर, मी विचारले नसताना, म्हणाले, "तुम्ही माझ्यासाठीच लिवलं होतं, ते ठाऊक हाय मला." महोदय, त्यांनी मला शिवी दिली असती तर मी हा अर्ज लिहिला नसता.

१०. आपणास मी समक्षही भेटलो. आपण म्हणालात, "गांगुर्डे, सही तुमची, आकडा तुमचा. आता मी तुमच्यावर अविश्वास दाखवू का?" त्या विश्वासाबद्दल मी आभारी आहे. माझे खोटे सर्वांनी मानले आहे आणि खरे कोणीच मानत नाही. ते मागे घ्यावे तर अपघात हवा, आणि अपघात होऊ नये म्हणून तर मागे घ्यायचे आहे. या दोहोंच्या मधे मी एक महिना उभा आहे. सोमवार, दि. १५ जून रोजी शाळा उघडत असून शाळेच्या फाटकावरील रेनट्रीची छाटणी सकाळी सात वाजता ठरली आहे. फांदी मोठी आहे. खाली दोर धरायला कोणी नाही.

११. नियम पुस्तिका मी तीन रात्री वाचली. कर्मचाऱ्याचा जीव धोक्यात असल्यास काम थांबवावे, असे तिच्यात स्पष्ट सापडले नाही. मात्र साधनसामग्रीची अफरातफर झाल्यास संबंधित साधने तात्काळ सील करून चौकशी संपेपर्यंत वापराबाहेर ठेवावीत, असे अत्यंत स्पष्ट आहे. माणसाबाबत जे नाही, ते यंत्राबाबत आहे, हे पाहून मला मार्ग दिसला.

१२. सबब कबूल करतो की, आज दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी भांडारातून दोन्ही नव्या चेनसॉच्या बॅटऱ्या, साखळ्या व चार्जर पिशवीत घालून नेले. श्रीमती निकुंभ यांनी पाहिले व "पिशवीत काय साहेब?" असे विचारले असता मी "हात" असे उत्तर दिले. त्यांनी पुढे विचारले नाही. त्यांचा यात दोष नाही. हा प्रकार मी एकट्याने, शुद्धीवर असताना व पूर्वनियोजनाने केला आहे.

१३. तरी विनंती की, दोन्ही चेनसॉ आजच सील कराव्यात. त्या सील झाल्यावर त्यांच्यावर आधारलेली बचत लागू राहत नाही; सबब सोमवारी जुनी चेनसॉ काढून सहादू यांना झाडाखाली बोलवावे. ती जड आहे, पण तिने कोणाचा हात वाचविल्याची नोंद नाही. माझ्यावर निलंबनाची कारवाई करावी. माझ्या निवृत्तीस चौदा महिने आहेत व पेन्शन चौकशीमुळे अडकते याची मला जाणीव आहे. तथापि चौकशी नियमानुसार, सर्व शाखांचे अभिप्राय मागवून व्हावी. ती घाईने उरकू नये, एवढीच कळकळीची विनंती.

आपला नम्र, व या प्रकरणी पूर्णतः दोषी,

(वाल्मीक दगू गांगुर्डे)
उद्यान निरीक्षक
नाशिक, शुक्रवार, दि. १२ जून २०२६

सोबत :
१) माहितीपत्रकातील 'दोन्ही हातांनी धरा' हे चित्र, मराठी भाषांतरासह.
२) फोटो : आभाळ, हनुवटी, पान.
३) डावी बाही, एक (दि. ८ जूनच्या उत्तरासोबत परत आलेली).

सोबत न जोडलेले :
१) बॅटऱ्या दोन, साखळ्या व चार्जर. कुठे आहेत ते चौकशीत विचारल्यास सांगेन. सोमवारनंतर विचारावे.