मोकळा झालेला नंबर

३ डिसें.
शिर्केनं माझा पॅच, म्हणजे कर्नलच्या कोडमधला बदल, परत धाडला. आमचा लीड, पुण्यात बसतो. शेरा एकच: 'नंबर थोडा थंड होऊ द्या.' कारण सांगायला तोंड दुखतं याचं. वर मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर, 'गोंदियात बसून कर्नल लिहिता, कौतुक आहे हं.' कौतुक घाल चुलीत. नोकरी पक्की होणं याच पॅचवर.

५ डिसें.
बाबा: 'काय करून राहिली वं दिवसभर?' सांगितलं. मशीनवर सुरू होणाऱ्या प्रत्येक प्रोग्रामला कर्नल, म्हणजे मशीनचा सगळा कारभार बघणारा मूळ कोड, नंबर देतो. जुना कोड मोकळा नंबर शोधत पुढे पुढे जातो. माझा कोड, जो प्रोग्राम आत्ता संपला त्याचाच नंबर पुढच्याला देतो. शोधाशोध बंद.
'मंग तो साहेब काऊन अडवते?'
जळतो, म्हटलं.

८ डिसें.
शिर्के रजेवर. वरच्या मॅडमना वेग दाखवला. घेतला पॅच! गुरुवारी चारला ग्राहकाच्या मशीनवर. बस आता बोंबलत.

१० डिसें.
बाबांसोबत धान खरेदी केंद्रावर. टोकन ४१. बाबा चहाला गेले, तेवढ्यात पुकारा. नाहीत म्हणून बाबूनं ४१ रद्द केलं आणि तोच नंबर मागच्याला दिला. त्याच्या धानात ओल निघाली. हमालाला हुकूम, '४१ बाहेर.' हमालाच्या डोक्यात ४१ म्हणजे बाबा. आमचे सुक्या धानाचे कट्टे फाटकाबाहेर.
बाबा बाबूवर धावले. 'मी मेलो होतो काय? माहा नंबर लगेच दुसऱ्याले देल्ला कायले?'
बाबू: 'खाली था, दे दिया.'
 माझ्या कोडमध्ये दुसरं काय लिहिलंय मी? कोणी जुना नंबर धरून 'याला बंद कर' म्हटलं, तोवर नंबर दुसऱ्याचा झाला, तर बंद पडणार भलताच प्रोग्राम. हेच ते 'थंड': मोकळा झालेला नंबर थोडा वेळ कोणालाच द्यायचा नाही. मेल्यानं तेव्हाच सांगितलं असतं तर. मीही विचारलं नाही.

११ डिसें., गुरुवार दुपार
पॅच थांबवणं दोघांच्याच हातात. मॅडम फोन उचलत नाहीत. उरला शिर्के. त्याला चूक सांगितली तर नोकरीवर पाणी. नाही सांगितलं तर ग्राहकाकडे काय बंद पडेल देव जाणे.
बाबा सकाळपासून पुन्हा रांगेत, नवा नंबर घेऊन.
साडेतीनला फोन लावला. उचलला त्यानं.
'बोला, गोंदिया.'
अंगाचा तिळपापड झाला. कापला फोन.
पावणेचार. पॅच जायला पंधरा मिनिटं.