पाकिटावरचं नाव

भेस्तान, सुरत
८ जून १९९७

ती. दादास व सौ. वहिनीस,
लीलाचा सा. न. वि. वि.

तू भाईदासच्या दुकानात फोन केलास आणि निरोप माझ्यापर्यंत पोचायच्या आत अख्ख्या चाळीला कळलं, की चंचलला बारावीत त्र्याऐंशी टक्के पडले. भाईदासने फोन ठेवता ठेवता पेढेही माझ्या खात्यावर मांडून टाकले. हे रातपाळी करून झोपले होते. मी रडत रडत उठवलं, तर त्यांना वाटलं कुणीतरी गेलं. बिचारे टोपी शोधायला लागले. तुझ्याकडे तीन वर्षं पोर ठेवली, तिचं तू सोनं केलंस. वहिनीने तिला रागावून रागावून जेवायला घातलं, तेही मी विसरणार नाही.

शेजारच्या मालतीबाईने सगळ्यांत आधी पेढा उचलला आणि म्हणाली, की पाटलाची पोर आहे, हुशार असायचीच. मी हातातला पेढा परत खोक्यात ठेवला.

तू म्हणालास, की खाजगी कॉलेज आपल्याला झेपणार नाही. सरकारी इंजिनिअरिंगला खुल्या यादीत चंचल थोडक्यात मागे पडेल, पण आपल्या राखीव जागेवर तिचा नंबर नक्की लागेल, फक्त जातीचा दाखला हवा. आणि आम्ही तर इथे पाटील होऊन बसलोय!

तू दर पाकिटावर 'हिलाल पाटील' लिहितोस आणि मनातल्या मनात मला शिव्या घालतोस, हे मला माहीत आहे. पण आम्ही ठरवून पाटील झालो नाही रे. तुला अर्धीच गोष्ट ठाऊक आहे. लग्नानंतर सुरतेला आलो, तेव्हा चंचल पोटात होती. आपल्याच मुलखातल्या माणसांच्या दोन चाळींत ह्यांनी अहिरे नाव सांगितलं आणि दोन्हीकडे खोली कालच गेली असं ऐकलं. तिसरी चाळ मगनभाईची. त्याने गाव विचारलं, ह्यांनी अमळनेर सांगितलं. मगनभाई खूश झाला. म्हणाला, म्हणजे तुम्ही पाटील, आपल्या चाळीत सगळे पाटीलच आहेत. भुसावळच्या गाडीतून जो उतरेल तो त्याच्या लेखी पाटील. ह्यांनी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि मी मागून सदरा ओढला. झालं! भाडेपावतीवरून रेशनकार्ड, रेशनकार्डावरून शाळा. चंचलच्या शाळेच्या दाखल्यावर जातीपुढे 'हिंदू पाटील' असं लिहिलंय. ही जात ब्रह्मदेवालाही माहीत नसेल.

इथल्या कचेरीत हे चौकशी करून आले. तिथले साहेब म्हणाले, की तुमची जात महाराष्ट्राच्या यादीतली, तिकडून आलेल्यांना इथे सवलत नाही, तिकडेच जा. म्हणजे गाडीतून भांडीकुंडी आणता येतात, जात आणता येत नाही. मला तर वाटायचं, तेवढी एकच वस्तू माणूस कुठे विसरत नाही.

पण दादा, मला धाक साहेबांचा नाही, मालतीबाईचा आहे. चंचल झाली तेव्हा माझं डोकं तिच्या मांडीवर होतं. तेव्हापासून माझी शेजारीण, आई, सासू सगळं तीच. रिवाज मात्र कडक. ऊठसूट सांगणार, की पाटलाच्या घरात हे चालत नाही. लोणच्याच्या बरणीला कुणाचा हात लागू द्यायचा ते तीच ठरवते. माझा लागतो. उद्या तिला कळलं तर इतक्या वर्षांचं लोणचं तिला एकदम आठवेल. पोरीची जागा जायला नको आणि मालतीबाईही जायला नको. दुसरी काही वाट असेल तर बघ.

लहानांना पापा. पाकिटावर काहीही लिहिलंस तरी आत लोभ असू दे.

तुझी,
लीला

•

धुळे
१५ जून १९९७

सौ. लीला हिस,
बाबुरावचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून तुझी वहिनी आधी हसली, मग डोळे पुसले, आणि मग मला हसू नका म्हणाली.

दुसरी वाट नाही. जी आहे ती सरळ आहे. हिलालराव गावच्या शाळेत चौथीपर्यंत गेले, त्याचं फळ आता मिळतंय. तिथल्या दाखल्यावर स्वच्छ 'अहिरे' आणि 'चर्मकार' आहे. तो मी आणून ठेवला आहे. आता त्यांनी अमळनेरच्या कचेरीत स्वतः उभं राहून प्रतिज्ञापत्र करायचं. चंचलचं आडनाव गॅझेटात बदलायचं मी बघतो. रजा मिळत नाही म्हणू नका. शेठला सांगा की आजी वारली. ती आधीच दोनदा वारली असेल, तर मावशी.

मालतीबाईचं मात्र मी काय सांगू? मी मास्तर आहे, लोणच्यातलं मला कळत नाही. एवढंच सांगतो, की मुलगी आयुष्यभर लागते.

दोन दिवस ती मुलगीच अडून बसली होती. काल मानली, आणि आज तुला पत्रही लिहिलं. ते सोबत जोडलंय. चिडू नकोस.

पाकिटावर अजून एकदाच 'पाटील' लिहितो आहे. कळावे, आणि भावावरचा राग उतरावा.

तुझा,
बाबुराव

•

धुळे
१५ जून १९९७

ती. आईस,
चंचलचा शि. सा. न.

मामा म्हणतो सगळं सरळ आहे. मला ते तितकं सरळ नव्हतं. कॉलेजात यादीचा विषय निघाला की मुली म्हणतात, राखीववाल्यांनी आपल्या जागा खाल्ल्या. प्रियांका माझी जिवाची मैत्रीण, तीही म्हणते. त्या 'आपल्या'त त्या मला धरतात. आणि आता त्याच यादीत माझं नाव लागणार. म्हणून मी मामाला म्हटलं, की पुन्हा परीक्षा देते, मार्क वाढवते, पण पाटील म्हणूनच जाते.

मामा रागावला नाही. शाळेत जायला निघाला होता, जोडे पुसत होता. म्हणाला, की आपले आबा गुरुजींचे जोडे शिवायला शाळेच्या पायरीपर्यंत जात. पायरीच्या आत आपल्या घरातला पहिला माणूस मामा गेला, आणि पुढे गुरुजी झाला तोही राखीव जागेवरच. पण तो पाढे शिकवतो तेव्हा कुठलं पोरगं म्हणत नाही, की हे राखीव पाढे आहेत. मग म्हणाला, की जागा राखीव असते, अभ्यास राखीव नसतो, तो तुलाच करावा लागला आणि पुढेही करावा लागेल. मला हसूही आलं आणि रडूही.

तर मी तयार आहे. प्रियांकालाही सांगून आले. ती म्हणाली, की हे मला आधी का नाही सांगितलंस.

पण आई, एक अट आहे. कॉलेजात अहिरे आणि सुरतेत पाटील, हे मला जमणार नाही. मालतीमावशीला तू सांग. तू नाही सांगितलंस तर मी सांगेन.

बाबांना सांग, रातपाळीनंतर उपाशी झोपू नका. माझ्यावर माया आहेच, तिच्यात थोडा धीर मिसळ.

तुझी,
चंचल

•

भेस्तान, सुरत
२९ जून १९९७

ती. दादास सा. न. वि. वि.

हे अमळनेरहून काम करून आले. दाखला पुढच्या आठवड्यात मिळेल म्हणतात. पण तिथे जे घडलं ते ऐक, आणि आधी पाण्याचा तांब्या जवळ घे.

ह्यांनी गाडीतच ठरवलं होतं, की कुणी ओळखीचं भेटलं तर सातबारा काढायला आलो म्हणून सांगायचं. कचेरीत रांग होती. रांगेत पुढे एक टोपी ओळखीची वाटली. टोपी वळली, तर मालतीबाईचे मालक, धुडकूभाऊ पाटील! हातात त्यांच्या ललितच्या शाळेचा दाखला. दोघांनी एकदम रामराम घातला. ह्यांनी सांगितलं, सातबारा काढायला आलो. धुडकूभाऊंनीही तेच सांगितलं. दादा, दोन्ही घरांची मिळून कुंडीभर जमीन नाही. आणि खिडकीवर ही मोठी पाटी, जातीचे दाखले!

दोघं त्या पाटीखाली टोप्या सारख्या करत उभे. तेवढ्यात शिपायाने सैंदाणे धुडकू बळीराम असं पुकारलं. धुडकूभाऊ असे इकडेतिकडे बघायला लागले, जसं काही दुसऱ्याच कुणाला बोलावलंय. शेवटी हेच म्हणाले, की भाऊ जा, नाहीतर तुमचा सातबारा राहील.

मागून ह्यांनाही अहिरे म्हणून पुकारलं. परतीच्या गाडीत दोघांनी एका पुडीतले शेंगदाणे खाल्ले आणि सुरत येईपर्यंत पाऊसपाण्यावर बोलले. उतरताना धुडकूभाऊंनी विचारलं, की वहिनींना सांगणार का. ह्यांनी विचारलं, तुम्ही घरी सांगणार का. ते म्हणाले, की आमच्या घरात तिला विचारल्याशिवाय काही सांगता येत नाही.

मी ऐकून पोट धरून हसले. दोन दिवस हसले. मग हसू थांबलं. कारण मालतीबाईला कळलंय, हे तिच्या तोंडावर दिसतंय. नळावर ती माझ्याकडे बघत नाही, मी बादलीकडे बघते. पाटलाच्या घराचं नावही ती आता काढत नाही. पण तिने आपलं झाकलं होतं म्हणून तिला माझं चालेल, असं थोडंच आहे! ते सैंदाणे म्हणजे परीट, आपण चर्मकार. माणूस स्वतःची पायरी लपवतो आणि दुसऱ्याची मोजतो. ह्या वर्षी कैऱ्या तिने एकटीने फोडल्या. मला हाक मारली नाही. तिच्या अडकित्त्याचा आवाज भिंतीतून येत होता आणि मी आत भाकरी थापत रडत होते.

चंचलला कैऱ्यांचं कळवलंस तरी चालेल, रडण्याचं नको. मी अजून तोंड उघडलेलं नाही. वहिनीला नमस्कार. तुझा लोभ आहे म्हणून तर एवढं रडगाणं लिहिते.

तुझी,
लीला

•

जळगाव
१७ ऑगस्ट १९९७

ती. आईस व बाबांस,
चंचलचा शि. सा. न.

इलेक्ट्रिकलला नाव लागलं, होस्टेलची खोली मिळाली, आणि जेवण मामीच्या हातचं आठवून रडावं असं आहे. बाकी सगळं छान. खोलीत विदर्भातली लीना आहे. ती झोपेत भूमितीची प्रमेयं म्हणते.

पहिल्या दिवशी हजेरीत अहिरे चंचल हिलाल असं पुकारलं. पाटील होते तेव्हा हजेरी माझ्यापर्यंत यायच्या आत एक डुलकी व्हायची. आता पहिलंच नाव माझं. मी ओ द्यायला इतका वेळ लावला, की सरांनी गैरहजर मांडायला पेन उचललं. तेव्हा अशी ओरडले की सगळा वर्ग हसला. कुणी कुठल्या यादीतून आलं हे इथेही लोक विचारतात. मी सांगते. मग पहिल्या चाचणीचे मार्कही सांगते.

आई, कैऱ्यांचं मामाने कळवलं. तू अजून सांगितलं नाहीस. मी म्हटलं होतं, तू नाही तर मी. म्हणून ह्या पाकिटावर बाबांचं खरं नाव घातलंय. पोस्टमन शोधेल. रागावलीस तरी पत्र लिही, आणि राग संपल्यावर लाडू पाठव.

तुझी,
चंचल

•

भेस्तान, सुरत
२४ ऑगस्ट १९९७

चि. चंचल हिस,
आईचे अनेक आशीर्वाद.

कार्टे, तुझं पत्र परवा मिळालं. दुपारची वेळ, सगळ्या बायका ओट्यावर बसलेल्या. पोस्टमन पाकीट उलटसुलट करत मोठ्याने विचारायला लागला, की अहिरे कोण, ह्या चाळीत अहिरे कुणी नाही, परत पाठवतो. मी दारातच होते. तुझं अक्षर लांबून ओळखलं आणि दाराची चौकट धरून ठेवली. भाईदास दुकानातून ओरडला, की इथे सगळे पाटील आहेत. पोस्टमन सायकलकडे वळला. माझ्या लेकीचं पत्र माझ्या डोळ्यांदेखत परत चाललं होतं. तेव्हा मात्र मी ओरडले, की थांब, ते माझं आहे.

तो म्हणाला, की तुम्ही तर पाटील. मी म्हटलं, नाही, अहिरे. आधीपासून अहिरेच.

ओट्यावरच्या बायका माझ्याकडे वळल्या. मग मालतीबाई उठली. गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश. मला वाटलं, आत जाऊन दार लावणार. ती पोस्टमनकडे गेली, त्याच्या हातातून पाकीट घेतलं, माझ्या हातात दिलं, आणि त्याला आपल्या अहिराणीत दम भरला, की अहिरेनं घर हाईच से, ध्यानमा ठेव, आणि शेजारमा सैंदाणे ऱ्हातस, तेबी ध्यानमा ठेव. तो बिचारा गुजराती, हे घर अहिरेंचं आणि शेजारचं सैंदाण्यांचं एवढं त्याला कसंबसं कळलं, आणि त्याने मान डोलावली. त्यावर कोपऱ्यातल्या उषाबाईने अगदी हळू विचारलं, की मागच्या महिन्यात शिरसाठ नावाचं पत्र परत गेलं होतं का. पोस्टमनने डोक्याला हात लावला. मग जे हसू फुटलं ते काय सांगू! मगनभाई वरून खाली आला. त्याला सगळं सांगितल्यावर म्हणाला, की नाव कुठलंही लिहा, भाडं तेवढं पाटलांसारखं वेळेवर द्या.

संध्याकाळी मालतीबाईने भिंतीवर थाप मारली. म्हणाली, की ह्या वर्षीचं लोणचं एकटीच्या हाताने मुरत नाही, हलवायला ये. पोरी, मी संकोचाने आधी मोरीकडे वळले, हात धुवायला. तर तिने मनगट धरलं आणि म्हणाली, की पाणी लागलं तर लोणचं बिघडतं, आहेत तसे आण.

पुढचं पत्र ह्याच नावाने टाक. लाडू पाठवते आहे, सोबत एक बरणी आहे.

तुझी आई,
लीला हिलाल अहिरे